एकटीची जोत

जिल्हा परिषद शाळा, खोली नंबर तीन
१४ एप्रिल २०२१

मोनाच्या मायले,

बुधराम लिहून राहिला. हसू नको. लगन झाल्यापासून तुले चिठ्ठी लिहाची वेळ कधी आली नाही. तू समोरच राहत होती, बोंबललं का काम भागत होतं. आता तू मातामायच्या देवळात कोंडलेली अना मी शाळेत कोंडलेला. चैताच्या नवरात्राची जोत जळते तोवर देवळात फोन न्यायचा नाही, हा तुझ्या सासूचा नियम, मंग आपण काय करावं? नीतूले म्हटलं, बाई, एखादा कागद दे. ती सकाळी आमचा ताप पाहाले येते अना मंग तुझ्या उपासाची टोपली घेऊन तिकडं जाते. गावची आशाताई आता आपली पोस्टमन झाली. कागदावर बी सॅनिटायझर मारते ती. अक्षरं पसरले तं मले बोलू नको.

माझी काळजी करू नको. लाखनीच्या बाजारात माझ्या बाजूले मासोळी घेऊन बसते तो हेमराज पॉझिटिव्ह निघाला, म्हणून मले उचलून आणलं, बस. नाकात काडी घातली. रिपोर्ट यायचा आहे. खिचडी मस्त भेटून राहिली, दोनदा मागून खातो.

तू आपलं सांग. भैयाजीनं कुलूप बरोबर लावलं का? कमेटीचा अध्यक्ष झाला म्हणून त्याच्यावर सोडून देऊ नको, गजब इसरभोळा आहे. देवळासमोर तलावाच्या पाळीवरचे चुन्याचे गोल पुसले तं नाही? एका गोलात एक घर, हात जोडाचे अना पुढं चालाचं. नारळ नाही, परसाद नाही. साऱ्या तालुक्यातले देवळं बंद आहेत, पण आपल्या ढीवरटोलीत कायद्याले धक्का न लावता जोत जळून राहिली. ही युक्ती कोणाची? तुझ्या नवऱ्याची. हे चार लोकायले सांगत जा.

बुधराम


मातामायचं देऊळ
१५ एप्रिल

मोनाचे बाबा,

चिठ्ठी भेटली. अर्धी सॅनिटायझरनं खाल्ली, पण तुमची फुशारकी तेवढी साफ वाचता आली.

युक्ती तुमचीच आहे, मी कुठी नाही म्हणते? मिटिंगीत तुम्हीच उठून उभे राहिले. दर साली पाच बाया बसतात, यंदा एकच बसवा, पाच बाया एका खोलीत म्हणजे रोगाले आवतन. सगळ्यायनं माना डोलवल्या. मंग भैयाजीनं विचारलं, कोण बसन? तं तुम्ही मले न विचारता सांगून टाकलं, आमची रेवता बसन. मी तिथीच होती, पदराआड. विचारलं असतं तं हो म्हटलंच असतं, पण विचाराले काय जात होतं?

आता बसल्यावर समजून राहिलं पाच बाया कायले लागत होत्या. जोत लावताना ज्या बसल्या त्यायनंच तेल घालाचं, दुसरीनं तेलाच्या भांड्याले हात लावाचा नाही. पाच असल्या का एक घरी जाऊन लेकराले पाहून येत होती, एक डोळा लावत होती, एक गाणं म्हणत होती. कोणाच्या घरी काही झालं तं ती उठून जात होती अना बाकीच्या सांभाळत होत्या. मी एकटी आहो. मले उठता येत नाही. डोळा लागला का दचकून जागी होतो, वात पाहतो. मागच्या मोरीत जाले बी पळत जातो अना पळत येतो. खरं सांगू का, देवी समोर आहे तरी भेव वाटते. चारी भिंती जवळ आल्यासारख्या वाटतात. बाहेरून तुमचं कुलूप, आतून माझी कडी.

पण लोकं चांगले वागून राहिले. सांजेले आरती केली, घंटा वाजवली, पाळीवर सारे आपापल्या गोलात उभे होते. शकुनबाई रडत होती. तिचं बसणं यंदा चुकलं.

रिपोर्ट काय आला ते लिहा. दोनदा खिचडी मागून खाता म्हणता, मंग मले खरं वाटत नाही. तुमाले खिचडी पाहूनच राग येते.

रेवता


शाळा, खोली नंबर तीन
१६ एप्रिल

मोनाच्या मायले,

तू वकील व्हाले पाहिजे होती. खिचडी आवडत नाही हे खरं, पण फुकटची आवडते.

रिपोर्ट निगेटिव्ह आला. तरी पण काही दिवस इथीच ठेवतीन, तसा नियम आहे. मोनाचा आंधळगाववरून फोन आला होता. तिले बी सांगतलं, तुझी माय देवीजवळ अना बाप शाळेत, दोघंही मजेत. ती हसली.

आता महत्त्वाचं ऐक. इथी मी काय पाहून राहिलो ते तुले सांगतो. आठ दिवसांपहिले त्या पलीकडच्या गावात सप्ताह झाला, पंगती उठल्या, कोणी कोणाचं ऐकलं नाही. आता त्या गावचे माणसं या शाळेच्या वऱ्हांड्यात पडले आहेत. श्यामराव मास्तर काल गाडीत घालून नेले, आज त्यायचा पोरगा एकटाच परत आला. मी काय सांगून राहिलो ते समज. म्हणून तुले हात जोडतो, कडी काढू नको. कोणी रडलं तरी नको, भैयाजी आला तरी नको. आपल्या टोलीत पाचशे जण आहेत, तू एकीले आत घेतलं का साऱ्या बाया घुसतीन. अना तू बाहेर निघाली तं जोतीसाठी धावत आत जातीन, ते तं आणखीनच वाईट. आता तूच कुलूप आहे.

एकटीले भेव वाटते म्हणते. मोठ्यानं बोलत जा देवीसंगं. माझ्या नावानं शिव्या दे पाहिजे तं, वेळ निघून जाईन.

बुधराम


मातामायचं देऊळ
१७ एप्रिल

मोनाचे बाबा,

निगेटिव्ह आला हे वाचून मी देवीपुढं डोकं टेकवलं. किती टेकवलं ते सांगत नाही, तुम्ही हसाल.

तुमचं ऐकलं अना आज शकुनबाईसोबत जन्माचं बिघडवून बसली. ती दुपारी एकटीच दाराच्या जाळीपाशी आली. म्हणे रेवता, मले आत घे, मी कोपऱ्यात बसीन, बोलणार बी नाही, इतके वर्षं सेवा केली, मले यंदा देवीनं कायले बाहेर टाकलं? तिचा चेहरा पाहून माझे हात कडीवर गेले होते. मंग ती खोकलली. धुरानं खोकलली का कायनं, मातामायले माहीत. मी हात मागं घेतला. म्हटलं बाई, तू लांब हो. लांब हो, असं म्हटलं मी तिले. माझ्या लगनात जिनं मले हळद लावली तिले. तिनं पदर तोंडाले लावला अना गेली.

सांजेले भैयाजी आला. म्हणे अष्टमीले ओटीसाठी दार उघडा लागन, बाया ऐकून नाही राहिल्या, एकेक करून सोडू. मी म्हटलं, एकेक म्हणता म्हणता बाजार भरते भैयाजी. त्यानं किल्ली दाखवली मले, कमरेले बांधलेली. म्हणे, कुलूप माझं आहे. मी म्हटलं कडी माझी आहे. गावाच्या अध्यक्षासंगं असं बोलली मी! आता तुम्हीच त्याले फोन करून समजवा. तुमचं ऐकते तो.

अना थोडं लंबं लिहा. दिवसभर दुसरं काही नाही मले.

रेवता


शाळा
१८ एप्रिल

रेवता,

बरं केलं. कडी काढू नको.

बुधराम


मातामायचं देऊळ
१८ एप्रिल, सांज

मोनाचे बाबा,

एवढंच? मी पानभर मन मोकळं केलं अना तुम्ही रेशनच्या तेलासारखं मोजून दिलं.

समजलं मले. भैयाजीसंगं बोलली म्हणून राग आला तुमाले. तुमच्या जुन्या दोस्ताले बायकोनं तोंडावर उत्तर दिलं, इज्जत गेली. मंग मले इथी कायले बसवलं? मुक्यानं बसाची असती तं बाहुली बसवाची होती. स्वतःच म्हणता तूच कुलूप आहे, अना कुलूप बोललं का फुगून बसता. आयुष्यभर हेच केलं तुम्ही. राग आला का बोलणं बंद. मोना झाली तेव्हा बी पोरगी झाली म्हणून नाही, मी तुमच्या बहिणीले उलटून बोलली म्हणून बोलले नव्हते.

आणखी एक. रेवता म्हणून कधी हाक मारत नाही तुम्ही. आज पहिल्यांदा लिहिलं, ते बी रागानं.

मी बी आता लिहिणार नाही.

उद्या तुम्ही लिहिलं तरच लिहीन.

मोनाची माय


शाळा
१९ एप्रिल

रेवता, राग नाही. हात थरथरते म्हणून थोडं लि

काकू, मी नीतू लिहून राहिली. काका सांगू नको म्हणून शपथ घालतात, पण मी तुमची टोपली घेऊन रोज तुमच्यासमोर उभी राहते, मले आता तोंड लपवता येत नाही. काकांचा रिपोर्ट पहिल्याच दिवशी पॉझिटिव्ह आला होता. काल दुपारपासून ऑक्सिजन कमी दाखवून राहिला. बोलता बोलता दम लागते. आज गाडी बोलावली आहे, भंडाऱ्याले नेऊन राहिलो, बेड भेटला. हातातला पेन मीच काढून घेतला. काका म्हणतात, तिले म्हणा बसून राह्य, माझ्यासाठी उठू नको. काकू, मले माफ करा. तुमाले देवळात बसवाच्या आधी माझ्यासमोर केलेल्या तपासणीचा तुमचा रिपोर्ट निगेटिव्ह होता, ते खरं आहे, त्याच्यात खोटं नाही.


मातामायचं देऊळ
१९ एप्रिल

मोनाचे बाबा,

ही चिठ्ठी नीतू तुमच्या गाडीमागं धाडते म्हणते. भेटन का नाही माहीत नाही, तरी लिहितो.

मी फुगली म्हणून तुमाले बोलली. तुमाले दम लागत होता अना मी रेशनचं तेल म्हटलं. माझ्या तोंडाले आग लागो.

निगेटिव्ह म्हणून लिहिलं तुम्ही! मी देवीपुढं डोकं टेकत होती अना तुम्ही तिकडं पडले होते. कायले लपवलं? मी उठून येईन म्हणून? हो, आली असती. तुम्ही पहिल्याच दिवशी सांगतलं असतं तं मी दार तोडून आली असती, अना तुमाले ते चांगलं माहीत होतं. नवरा म्हणून लपवलं का कमेटीचा मेंबर म्हणून लपवलं, ते एकदा सांगा मले.

बसून राह्य म्हणता. दुसऱ्या साली असतं तं मी शकुनबाईच्या हातात तेल दिलं असतं, डोक्यावर पदर घेतला असता अना गाडीच्या आधी भंडाऱ्याले पोहचली असती. पाच जणी कायले लागतात हे तुमच्या युक्तीनं पाहिलंच नाही. तुम्ही गावाले वाचवलं अना मले इथी बांधून टाकलं. मी बसली तं तुम्ही तिकडं एकटे. मी उठली तं जोतीले तेल कोण देईन? शकुनबाई धावन, तिच्यामागं सारा गाव धावन. काहीही केलं तरी कोणाच्या तरी जिवावर येते. डोकं भिंतीवर आपटावं वाटते.

देवीले विचारलं. विचारून विचारून थकली. उपासाचं दूध समोर ठेवलं आहे, गिळवत नाही.

सिस्टरले सांगून उत्तर धाडा. एक अक्षर धाडा. उद्या अष्टमी आहे.

रेवता


भंडारा, दवाखान्याच्या भिंतीबाहेर
२० एप्रिल

मोनाचे बाबा,

पत्त्यावर नजर गेली असन तं समजलं असन. मी निघाली. आता सारं सांगतो, मधात रागवू नका, दम लागन.

सकाळी उजाडता उजाडता पाळीवर बाया जमाले लागल्या. अष्टमीची ओटी. खण, नारळ, तांदूळ, सारं ताटात. कोणी गोलात उभं नव्हतं. तोंडाले बांधलेलं कोणाचं गळ्यात, कोणाचं हातात. लेकरं कडेवर. भैयाजी मधात, किल्ली हातात. त्याच्या चेहऱ्यावरून दिसत होतं का त्याले बी भेव वाटून राहिलं, पण गर्दीनं त्याले पुढं ढकलत आणलं होतं. तो म्हणे, रेवताबाई, कडी काढा, बाया मानून नाही राहिल्या. मी आतून म्हटलं, यायचं ऐकून उद्या गाडीत कोणाकोणाले घालाल भैयाजी? मागून आवाज आला, हिले काय, हिच्याजवळ देवी आहे, आमी काय पाप केलं?

मी मागं वळून जोतीकडं पाहिलं. तेवढ्यात माझ्या डोक्यात आलं का हे सारे कोणासाठी आले? जोतीसाठी. मी कोणासाठी कोंडली आहो? जोतीसाठी. नवमीले आपण जोत दुधानं शांत करतो ना? दूध समोरच होतं. मी देवीले म्हटलं, माय, तू मले जाऊ दे. त्यायले बी घरी जाऊ दे. तुले राग आला तं माझ्यावर काढ, माझ्या घरावर नको. मी हात धुतले, अना ते दूध जोतीवर ओतलं. चर्र आवाज झाला. धूर झाला. एवढ्या लवकर इझते हो ती. इतक्या वर्षांत मले माहीत नव्हतं.

मंग मी कडी काढली अना जाळीतून मोठ्यानं सांगतलं, जोत शांत केली. मी केली. आता इथी ओटी नाही, आरती नाही, आत पाहाले काही नाही. घरी जा साऱ्या.

धूर जाळीतून बाहेर गेला तेव्हा त्यायले पटलं. अना मंग काय काय बोलल्या ते तुमाले सांगत नाही. कोणी ताट आपटलं. कोणी माझ्या नावानं तांदूळ फेकले. शकुनबाई खाली बसली अना जमिनीवर हात मारून रडाले लागली. भैयाजीनं कुलूप कसंतरी उघडलं. मी पायरी उतरली तशा साऱ्या मागं सरकल्या. पाळ मोकळी झाली. इतके दिवस आमी सांगत होतो लांब उभे राहा, कोणी ऐकत नव्हतं. रोगाले नाही भ्याल्या, मले भ्याल्या.

यादोरावच्या मासोळीच्या टेम्पोत बसून आली. तो आपल्या हेमराजचा भाऊ, त्यानं भाडं बी घेतलं नाही. देव त्याचं भलं करो.

आता खरं बोलतो. गावासाठी केलं असं मी म्हणणार नाही. गाव वाचलं तं चांगलं झालं, पण मी तुमच्यासाठी केलं. तुम्ही एकटे आहात हे माझ्याच्यानं सहन होत नव्हतं. अना इथी येऊन पाहतो तं आत जाऊ देत नाही. बरोबर आहे त्यायचं, नियमच आहे. सिस्टर चांगली आहे, डबा अना चिठ्ठी नेऊन देतो म्हणाली. डब्यात निघताना घरी केलेली मोकळी भाजी आहे, जमन तशी खा.

उत्तर द्या.

रेवता


वार्ड
२२ एप्रिल

मोनाच्या मायले,

हे सिस्टर लिहून राहिल्या, मी सांगून राहिलो. मधात मधात थांबतो, कारण मास्क काढला का त्या रागावतात.

तुझी चिठ्ठी त्यायनं वाचून दाखवली. जोतीचं ऐकून पहिले मले गजब राग आला. आजीच्या काळापासून कोणी असं केलं नव्हतं. मंग मी रडलो. वार्डात सारे पाहत होते, तरी रडलो.

तू विचारलं, नवरा म्हणून लपवलं का मेंबर म्हणून. मेंबर म्हणून लपवलं. युक्ती माझी होती, ती फसू नये एवढंच दिसत होतं. पाच बायांचं मले समजलंच नव्हतं. कोणाले विचारलं पण नव्हतं.

मोनाले भैयाजीचा फोन गेला होता, तिनं सिस्टरच्या फोनवर सांगतलं. गावात मिटिंग झाली म्हणे. आपल्या हातची मासोळी कोणी घेणार नाही, देवळाच्या पायरीवर तुले चढू देणार नाही. आता मी सांगतो तसं कर. तू गावाले सांग का बुधरामनं चिठ्ठीत लिहिलं होतं जोत शांत कर म्हणून, नवऱ्याचं ऐकलं. सारं माझ्या नावावर टाक. मी घरी येईन का नाही ते डाक्टर बी सांगत नाही. गेलेल्या माणसाले शिव्या लागत नाहीत. तुले त्या गावात राहाचं आहे, तुझं जिणं कठीण करू नको. एवढं माझं ऐक. आजवर ऐकलं नाही, आता ऐक.

बुधराम


भिंतीबाहेर
२२ एप्रिल

मोनाचे बाबा,

नाही ऐकणार.

जोत मी इझवली, माझ्या हातानं, दूध ओतून, देवीच्या डोळ्याले डोळा लावून. तुम्ही सांगतलं असतं तं मी उलट बसून राहिली असती, तुमाले माहीत आहे. एवढं एकच काम मी तुमाले न विचारता केलं. ते बी तुमच्या नावावर टाकू? शिव्या माझ्या आहेत, मी खाईन. मासोळी नाही घेत तं लाखनीच्या बाजारात विकू, तिथी मातामायची जोत कोणाले माहीत आहे? पायरी नाही चढू देत तं नाही चढणार. देवी पाळीवरून बी दिसते.

मी गावात एकटी राहीन असं धरून बोलून राहिले तुम्ही. मी तसं धरलं नाही. मी तुमाले घेऊन जाले आली. तिथं जाऊन मिटिंगीत तुम्हीच उभे राहा अना सांगा, माझ्या बाईनं बरोबर केलं. बोलाची सवय तुमालेच आहे.

तोवर श्वास घेत राहा. दुसरं काही काम नाही तुमाले. कमेटी नाही, चुना नाही, हिशेब नाही. आत घ्याचा अना बाहेर सोडाचा.

मी कुठी नाही जाऊन राहिली. मोना येतो म्हणते, तिले नको म्हटलं. समोरच्या चहावाल्यानं बसाले पोतं दिलं. इथून दवाखान्याच्या साऱ्या खिडक्या दिसतात. तुमची कोणती ते सिस्टर सांगत नाही, म्हणून मी साऱ्याच पाहून राहिली.

रेवता